पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे दोन पेग: किती, आणि किती वाजता संपवायचे

तुम्ही पत्रात लिहिलंय ते थोडक्यात असं. वय ४८, वजन ७८ किलो, बसून करायची नोकरी. आठवड्यातले तीन दिवस रात्री घरी दोन-दोन पेग व्हिस्की, शनिवारी मित्रांबरोबर बसलात की तीन. तिशीत याच्या दुप्पट घेऊनही सकाळी टुणटुणीत असायचात. आता रात्री तीनला खडबडून जाग येते, छाती धडधडते, मानेला घाम असतो, पुढे झोप लागत नाही. सकाळी तोंड कडू, जळजळ, दिवसभर चिडचिड. सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी; यकृताच्या रक्ततपासणीत एसजीपीटी ६२, एसजीओटी ४४, जीजीटी ९६. बीपीची एक गोळी चालू. श्रावण कडक पाळता. सोडायची इच्छा नाही, पण बरंही वाटायला हवंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता सांगावं तसं एक वाक्य: मित्राने दिलेली झोपेची अर्धी गोळी अधूनमधून घेता.

सुरुवात त्या शेवटच्या वाक्यापासून करतो. बाकी सगळं सावकाश सुधारलं तरी चालेल, हे मात्र आजपासून बंद. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या आणि दारू मेंदूतल्या एकाच यंत्रणेला गुंगी आणतात. दोन्ही एकत्र आल्या की श्वास मंदावतो, आणि घोरणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. ‘प्यायल्यानंतर चार-पाच तासांनी घेतो’ असं तुम्ही म्हणाल, पण तेव्हाही रक्तात दारू असतेच. त्याचा हिशोब पुढे देतो. गोळी कधीमधीच घेत असाल तर ती पट्टी कपाटातून काढून टाका. रोज, महिनोन्महिने घेत असाल तर मात्र एका झटक्यात थांबवू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत आणा.

आता ‘दोन पेग’कडे येऊ. माझ्या टेबलासमोर बसलेला जवळजवळ प्रत्येक पुरुष ‘दोनच घेतो, डॉक्टर’ असं म्हणतो, आणि बहुतेक जण खोटं बोलत नसतात. त्यांनी पेग मोजलेला असतो, दारू मोजलेली नसते. म्हणून मी एक छोटा उद्योग सांगतो. तुमचा नेहमीचा ग्लास घ्या, त्यात नेहमीइतका बर्फ टाका आणि रिकाम्या बाटलीत पाणी भरून नेहमीसारखा पेग ओता. हात आखडू नका. मग पुन्हा एकदा, बर्फाशिवाय तेवढंच ओतून ते पाणी खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या मापाने मोजा. बारमधला लार्ज पेग ६० मिलिलिटरचा. घरचा ६० भरला असा माणूस विरळा. सत्तर, ऐंशी, कधी नव्वद. बुटक्या, रुंद बुडाच्या ग्लासात तर हमखास जास्त जाते, कारण त्यात पातळी चढलेली दिसत नाही.

आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडकाच्या लेबलवर साधारण ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशोबाने ३० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हा एकच आकडा पाठ करा, बाकी सगळं यातून निघतं. तुम्ही सांगितलं तसं धरलं, म्हणजे तीन दिवस १२० मिलि आणि शनिवारी १८०, तर आठवड्याचे होतात सुमारे १८० ग्रॅम. तुमचा घरचा पेग ८० चा निघाला आणि शनिवारीही तोच हात चालला, तर तीन दिवस १६० आणि शनिवारी २४० मिलि. आठवड्याचे सुमारे २४० ग्रॅम. म्हणजे जवळपास एक पूर्ण खंबा, ७५० मिलिची बाटली. हा फरक कागदी नाही. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी फॅटी लिव्हरचं नवं वर्गीकरण केलं. त्यात पुरुषांसाठी आठवड्याला २१० ग्रॅम ही रेघ आहे. तिच्या खाली असलात तर चरबीचा दोष मुख्यतः साखर, पोट आणि चयापचयाकडे जातो. २१० ते ४२० च्या पट्ट्यात दारू आणि चयापचय या दोघांनी मिळून केलेलं नुकसान मानलं जातं. तुमच्या ‘दोन पेग’चं माप तुम्हाला या रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे नेतं.

पाण्याचा प्रयोग करायचा कंटाळा असेल तर याहून सोपी युक्ती: नवी बाटली उघडाल त्या दिवशी लेबलच्या कोपऱ्यात पेनने तारीख लिहा. तुम्ही म्हणता तसे पेग असतील तर, शनिवारचेही याच बाटलीतून धरून, ७५० ची बाटली तुमच्या एकट्याच्या हिशोबात दहा दिवस टिकायला हवी. आठव्या दिवशी ती तळाला गेली असेल तर वाद संपला.

रात्री तीनला जाग का येते, याचं उत्तरही याच आकड्यात आहे. यकृत दारू जाळतं ते आपल्या ठरलेल्या गतीने, सरासरी माणसात तासाला सात-आठ ग्रॅम. एसटी स्टँडवर तिकिटाची एकच खिडकी उघडी असावी तसं. रांग कितीही मोठी झाली तरी आतला माणूस हात जास्त भराभर चालवत नाही. काळी कॉफी, लिंबूपाणी, ताक, आंघोळ, यातल्या कशानेही ती गती वाढत नाही. तुम्ही नऊला बसता, अकराला उठता. पोटात गेले ५४ ग्रॅम. ते संपायला सात तास, म्हणजे पहाटेचे चार. दारू मेंदूला शांत करणारी रसायनं रेटून वाढवते, म्हणून अकराला डोकं टेकताच झोप लागते. मेंदू त्याला विरोध म्हणून उत्तेजनाची बाजू चढवून ठेवतो. रक्तातली दारू उतरणीला लागली की ती चढवलेली बाजू मोकळी सुटते: धडधड, घाम, उगाचची काळजी, इएमआयपासून मुलीच्या दहावीपर्यंत. पहिल्या अर्ध्या रात्रीत दाबलेली स्वप्नांची झोप दुसऱ्या अर्ध्यात उसळून येते, तीही तुटक. त्यात दारूने घशाचे स्नायू सैल पडून घोरणं वाढतं, आणि लघवी रोखून धरणारा हार्मोन दबल्यामुळे बाथरूमची फेरी ठरलेली. ही जाग म्हणजे निद्रानाशाचा आजार नव्हे. त्यावर झोपेची गोळी घेणं म्हणजे एका गुंगीवर दुसरी चढवणं.

मग हे तिशीत का होत नव्हतं? होत होतं, जाणवत नव्हतं. वयाबरोबर स्नायू घटतात, चरबी वाढते आणि शरीरातलं एकूण पाणी कमी होतं. दारू पाण्यात पसरते, चरबीत नाही. त्यामुळे तेवढाच पेग आता थोड्या पाण्यात विरघळतो आणि रक्तातलं प्रमाण वर जातं. वजनकाटा तोच दाखवत असला तरी आतलं गणित बदललेलं असतं. दुसरं म्हणजे चाळिशीनंतर गाढ झोपेचा वाटा मुळातच आटत जातो. पंचविशीत तो इतका असतो की थोडा खर्च झालेला कळत नाही. तिसरं, बीपी, साखर, पोटाचा घेर या तीन गोष्टी तेव्हा नव्हत्या, आणि दारू तिन्हींना हात लावते. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये सात उष्मांक; तुमचा खंबा आठवड्याला सतराशेच्या वर उष्मांक घालतो, चखणा वेगळा. बीपीचं म्हणाल तर गोळी वाढवण्याआधी मी दारूचा हिशोब विचारतो, कारण रोजच्या पिण्यामुळे चढलेलं बीपी पिणं कमी केल्यावर काही आठवड्यांत उतरलेलं दिसतं.

म्हणून माझा सल्ला पेगच्या संख्येइतकाच घड्याळावर आहे. झोपायच्या आधी दारू शरीरातून निघून गेलेली असली पाहिजे, असं उलटं गणित मांडा. अकराला झोपता? मग घरच्या दिवशी एकूण ६० मिलि, तीस-तीसच्या दोन स्मॉलमध्ये, साडेसातला सुरू आणि साडेआठला ग्लास धुवायला. वीस ग्रॅमला तीन तास. साडेदहापर्यंत रांग संपते. नऊच्या आत जेवण. साडेसातला घरी पोचत नसाल तर त्या दिवशी नाही, एवढं सरळ. ‘उशीर झाला, तर पटकन दोन मारतो’ हाच सगळ्यात वाईट प्रकार. शनिवारी ९० मिलि, आठला सुरू, साडेबाराच्या आत आडवं होऊ नका. आठवड्यात असे दोन घरचे दिवस आणि एक शनिवार, लागोपाठ दोन दिवस कधीच नाही. बेरीज ७० ग्रॅम. ब्रिटनमध्ये २०१६ पासून आठवड्याला ११२ ग्रॅमच्या आत राहा असा सरकारी सल्ला आहे. कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये ती मर्यादा सुमारे २७ ग्रॅमवर आणली. माझे ७० हे या दोहोंच्या मधले, आणि ते पहिल्या तीन महिन्यांसाठी. तुमच्या यकृताला विचाराल तर ते शून्यच म्हणेल.

पिण्याआधी खा, पिताना नाही. पोटात काही असलं की दारू आतड्याकडे सावकाश सरकते आणि रक्तातलं शिखर बुटकं राहतं. पण ‘काही’ म्हणजे फरसाण आणि खारे दाणे नव्हेत. मीठ तहान वाढवतं, तहान लागली की हात ग्लासाकडेच जातो, आणि बीपीला मीठ वेगळं नडतं. मोडाची उसळ, दोन उकडलेली अंडी, पनीर, भाजलेली मासळी, आधी हे. कोकणात नि गोव्यात जुनी माणसं जेवणाच्या आधी एकच घेऊन पानावर बसत, त्यात शहाणपण होतं. आपल्याकडे साडेअकरापर्यंत चखण्यावर बसायचं आणि मग बिर्याणी, म्हणून जळजळ. दारूने अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू ढिला पडतो, त्यावर तेलकट जेवण आणि लगेच आडवं होणं. सकाळची पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिडिटीची गोळी, हे निस्तरत राहते, थांबवत नाही. डाएट कोल्ड्रिंकमध्ये मिसळून ‘हलकं’ घेतो असंही काही जण सांगतात. साखर नसलेलं पेय पोटातून लवकर पुढे सरकतं, त्यामुळे दारू उलट जास्त भरभर चढते. साधं पाणी घ्या.

शनिवार हा खरा अवघड पेपर. परमिट रूममध्ये पेगने मागवलं तर महाग पडतं म्हणून टेबलावर क्वार्टर येते. क्वार्टर म्हणजे १८० मिलि, ६० ग्रॅम. चौघांत दोन क्वार्टर म्हणत सुरू होतं आणि ‘एवढीच राहिलीय, संपवून टाक’ म्हणत तिसरी फुटते. उरलेलं टाकायचं कसं, हा आपला मध्यमवर्गीय संस्कार इथे घात करतो. पहिला उपाय, तुमची तुम्ही पेगने मागवा. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. दुसरा, पहिला ग्लास लिंबू-सोड्याचाच. तहानेला पाणी लागतं, ती व्हिस्कीने भागवली की पहिला पेग दहा मिनिटांत जातो. तिसरा, अर्धा भरलेला ग्लास कुणाला भरू देऊ नका. टॉपअप झाला की मोजदाद संपली. आणि मित्रांना कारण सांगत बसू नका. ‘डॉक्टरने सांगितलंय’ म्हटलं की तासभर डॉक्टरांवर चर्चा होते. ‘माझं झालं’ एवढंच म्हणा, दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारनंतर कुणी विचारत नाही. ज्या टोळक्यात त्यानंतरही विचारतात, तिथे जेवायच्या वेळेला पोचा.

शनिवारच्या तीन भरगच्च पेगांचा आणखी एक हिशोब करून ठेवा. २४० मिलि म्हणजे ८० ग्रॅम, नऊला सुरुवात. रविवारी सकाळी सहाला मुलांना घेऊन सिंहगडला गाडी काढलीत, तेव्हाही अंगात दहा-पंधरा ग्रॅम असतात. तुमच्या वजनाच्या माणसात हे मोटार वाहन कायद्यातल्या १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या आसपास येतं. रात्रभर झोपून उठलो म्हणजे उतरली, हे शरीराला मान्य नाही.

तुम्ही विचारलंय, बिअरवर आलो तर? ६५० मिलिच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीवर ८ टक्के लिहिलेलं असतं. त्यात अल्कोहोल ४१ ग्रॅम, म्हणजे अगदी मापात दोन लार्ज पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्या आणि दोन बाटल्या रिचवणाऱ्या माणसाने चार लार्ज घेतलेले असतात. माइल्ड असली तरी २५ ग्रॅम. युरिक ॲसिड वाढलेलं असेल, अंगठ्याचा सांधा सुजत असेल, तर बिअर सगळ्यात वाईट. वाईनचा १५० मिलिचा ग्लास १५ ग्रॅमचा, फेणी व्हिस्कीच्या बरोबरीची. गोव्यात उन्हाळ्यात मिळणारा उर्राक फेणीपेक्षा बराच सौम्य. लिमका, मीठ, मिरचीत तो सरबतासारखा जातो आणि म्हणूनच किती झाला ते कळत नाही. यकृताला ब्रँड, रंग, द्राक्ष, काजू, जव यांतलं काही कळत नाही, ग्रॅम कळतात.

‘रोज थोडी हृदयाला चांगली’ हे तुमच्या मित्रांचं ब्रह्मवाक्यही निकालात काढू. १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर फ्रेंचांच्या रेड वाईनची आणि त्यांच्या धडधाकट हृदयाची गोष्ट गाजली आणि जगभर वाईनला औषधाचा मान मिळाला. अडचण अशी की त्या काळच्या बऱ्याच अभ्यासांत ‘न पिणाऱ्यांत’ आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजलेले होते. त्यांच्या शेजारी थोडी पिणारा कुणीही निरोगीच दिसणार. पुढे २०१९ मध्ये चीनमधल्या पाच लाखांवर लोकांच्या पाहणीतून एक चोख अभ्यास आला. तिकडे अनेकांना जन्मजात जनुकांमुळे दारू सोसत नाही, म्हणून ते कमी पितात. तब्येतीशी त्याचा संबंध नसतो. ही जनुकं धरून हिशोब केला तेव्हा पक्षाघाताच्या बाबतीत थोडक्या दारूचा फायदा नाहीसा झाला. जितकी जास्त तितका धोका जास्त, सरळ चढण. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही असं म्हटलं, ते मुख्यतः कर्करोगाच्या संदर्भात. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन, इतक्या ठिकाणी दारूचा संबंध आहे, आणि तंबाखू किंवा गुटखा सोबत असेल तर तोंड-घशाचा धोका नुसता बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढतो. थोड्या प्रमाणात जोखीम थोडी असते, हेही तितकंच खरं. घाबरवायचा हेतू नाही. घ्यायची तर आवडते म्हणून घ्या, औषध म्हणून नको. आपल्या राज्याची गंमत बघा: महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालच्या नियमांत हा परवाना आरोग्य टिकवण्यासाठी म्हणून दिला जातो. सरकारी कागद म्हणतो म्हणून यकृत ऐकत नाही.

तुमच्या मिसेस कधीतरी तुमच्याबरोबर वाईन घेतात आणि हल्ली त्यांनाही रात्री घाम फुटून जाग येते, असं एका ओळीत लिहिलंय. त्या ४६ च्या आहेत, पाळी मागेपुढे होतेय. वाईनमुळे अंगातून वाफा येण्याचा त्रास अनेकींना वाढलेला जाणवतो. महिनाभर बंद ठेवून बघणं हा सोपा, फुकटचा तपास आहे. बायकांच्या शरीरात पाणी कमी आणि जठरात दारू फोडणारं विकर कमी, त्यामुळे तुमच्या निम्म्यात त्यांच्या रक्तात तेवढीच पातळी जाऊ शकते. ‘तू पण घे ना माझ्याएवढी’ हा आग्रह प्रेमाचा असला तरी करू नका. घरात आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर मी त्यांना न घेण्याकडेच झुकायला सांगेन. आणि हे त्यांनी स्वतः डॉक्टरांशी बोलायला हवं. आपल्याकडे बायका हा विषय डॉक्टरांसमोर काढतच नाहीत, आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

आता श्रावण. तुम्ही म्हणता, महिनाभर सहज राहतो, म्हणजे व्यसन नाही ना? महिनाभर थांबल्यावर हात थरथरले नाहीत, घाम सुटला नाही, झोप उडाली नाही, तर शरीर दारूवर अडून बसलेलं नाही, एवढं खरं. पण मला गटारीला काय होतं आणि पोळ्यानंतर काय होतं, यात जास्त रस आहे. आषाढी अमावास्येला ‘पुढे महिना नाही’ म्हणून मटणाबरोबर बाटलीभर रिचवायची हा प्रकार पन्नाशीत धोक्याचा. एका रात्रीत जास्त दारू झाल्याने हृदयाचे ठोके अनियमित होणं याला डॉक्टरी भाषेत १९७८ पासून ‘हॉलिडे हार्ट’, म्हणजे सुट्टीचं हृदय, असं नावच आहे. त्यातून गुठळी आणि पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं. श्रावणभर दिवस मोजत बसणं आणि पहिल्या संधीला मागचा अनुशेष भरून काढणं, हेही बघा. मोकळेपणाने उत्तरं द्या: कमी करायला हवं असं वाटतं का? घरच्यांनी टोकलं की राग येतो का? प्यायल्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर सावरायला घ्यावी लागते का? यातल्या दोनांना ‘हो’ असेल तर माझं हे मापाचं, घड्याळाचं उत्तर तुमच्यासाठी अपुरं आहे. शेवटच्या एकट्याला ‘हो’ असेल तरीसुद्धा.

तुमच्याशिवाय दुसरं कुणी हे वाचत असेल आणि रोज क्वार्टर-हाफ घेत असेल, तर एक गोष्ट ठळक सांगतो. रोजची मोठी दारू उद्या सकाळपासून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास, ताप. हे इस्पितळात सांभाळायचं काम आहे. औषधांनी ही सुटका सुरक्षित होते, ओढ कमी करणारी औषधंही आहेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभा राज्यभर मराठीतून होतात, १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी फोन आहे. आणि काही जणांनी कमी-जास्तीच्या भानगडीत न पडता पूर्ण थांबायचं: यकृत कडक झाल्याचं निघालेले, स्वादुपिंडाला एकदा सूज आलेले, ठोके अनियमित असलेले, क्षयाची औषधं किंवा संधिवातासारख्या आजारावरचं मेथोट्रेक्सेट चालू असलेले, नैराश्यावर उपचार घेणारे, एकदा व्यसनातून बाहेर आलेले. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन रिकाम्या पोटी पिणाऱ्याची साखर मध्यरात्री धोकादायक खाली जाते, आणि घरच्यांना वाटतं, चढलीय, झोपू दे.

तुमच्यासाठी मात्र श्रावण फार कामाचा आहे. लंडनमधल्या डॉक्टरांनी मध्यम-जास्त पिणाऱ्या लोकांना महिनाभर थांबवून २०१८ मध्ये निष्कर्ष छापले: इन्शुलिनला होणारा अडथळा सुमारे पाव हिश्शाने घटला, वजन आणि बीपी उतरलं. तुम्ही हे दरवर्षी आपोआप करता, फक्त मोजत नाही. २०२३ मध्ये तर अधिक श्रावण आला होता, दोन महिने मिळाले होते. या वर्षी गटारीच्या आधीच्या आठवड्यात एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा उपाशीपोटी रक्त द्या: एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), साखर, आणि हिमोग्रॅम (रक्तपेशींची तपासणी). सोबत घरी आठवड्यातून तीन सकाळी बीपी. साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू आणि पुरणपोळीने दारूची जागा भरून काढलीत तर ट्रायग्लिसराइड हलणार नाही, तेव्हा तिकडेही लक्ष असू द्या.

महिन्याने जीजीटी ९६ वरून पन्नास-साठच्या घरात आलं तर त्यातला दारूचा वाटा मोठा होता, आणि पोळ्यानंतर ७० ग्रॅमच्या वर जायचं नाही. हिमोग्रॅममधलं एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, लगेच उतरत नाही, त्या पेशी बदलायला तीन-चार महिने लागतात, त्याची घाई नको. जीजीटी उतरलं पण एसजीपीटी साठीतच राहिलं, तर ते पोटाच्या घेराचं आणि साखरेचं काम आहे. तुमच्या रिपोर्टात एसजीपीटी एसजीओटीपेक्षा जास्त आहे, त्यावरून मला तसाच संशय आहे. निव्वळ दारूच्या यकृतात हे बहुधा उलटं दिसतं. मग यकृत किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन करून घ्या, वजन पाच-सात किलोंनी उतरवा. दोन्ही तसेच राहिले तर पोटाच्या डॉक्टरांकडे दाखवा, तोपर्यंत ग्लास बाजूला. आणि श्रावणातही रात्री तीनची जाग तशीच चालू राहिली तर झोपेची तपासणी करा. ७८ किलो, घोरणं आणि बीपी, हे एकत्र असलं की झोपेत श्वास अडकण्याचा आजार शोधावा लागतो, आणि त्याचा इलाज वेगळा आहे.